फ्लोरेआनावरचा संसार

आधुनिक जीवनाला विटून निसर्गाच्या कुशीत जाण्याची भाषा युरोपात नवी नाही. मात्र प्रशांत महासागरातील फ्लोरेआना बेटावर असे दोन प्रयोग शेजारी-शेजारी झाले आणि त्यांची फलश्रुती अगदी भिन्न निघाली. शेतघराची स्वप्ने रंगविणाऱ्या आपल्या शहरी मंडळींनी ती अवश्य ताडून पाहावी.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,000 किलोमीटर दूर असलेल्या गालापागोस द्वीपसमूहातील हे बेट. 1929 मध्ये जर्मनीतून डॉ. फ्रीडरिश रिटर आणि डोरे श्ट्राउख आपापले संसार मोडून तेथे आले. रिटर तत्त्वचिंतक, शाकाहाराचे पुरस्कर्ते. त्यांना मनुष्याचा शेजारच नको होता. पण त्यांची पत्रे जर्मन वृत्तपत्रांत छापून येत आणि त्यामुळेच बेटाकडे पाहुण्यांची रीघ लागली!

1932 मध्ये कोलोनहून हाइन्झ विटमर, त्यांची गर्भवती पत्नी मार्गरेट आणि पहिल्या विवाहातील अधू दृष्टीचा मुलगा हॅरी आले. यांच्यापाशी सिद्धान्त नव्हता, कुदळ होती. समुद्री चाच्यांच्या जुन्या गुहांत त्यांनी बिऱ्हाड थाटले. जवळच गोड्या पाण्याचा झरा होता. झाडी तोडून वाफे करावेत, तर रानडुकरे आणि मोकाट गुरे ते एका रात्रीत उद्ध्वस्त करीत. आधी कुंपण, मग पेरणी. जानेवारी 1933 मध्ये त्या गुहेतच रोल्फचा जन्म झाला. बाळंतपणानंतर मार्गरेटच्या जिवावर बेतले, तेव्हा उपचारांना धावले ते शेजार नको असलेले डॉ. रिटरच. स्वावलंबन म्हणजे माणसांशी फारकत, ही समजूत तेथेच खोटी ठरली.

1934 मध्ये एक स्वयंघोषित ‘बॅरोनेस’ बेटावरून बेपत्ता झाली आणि जगाच्या लेखण्या त्या गूढाभोवतीच फिरत राहिल्या. 2024 मध्ये रॉन हॉवर्ड यांनी त्यावर ‘ईडन’ हा चित्रपटही काढला. भाजीच्या वाफ्यांत कोणाला रस असणार! त्याच वर्षी रिटर वारले. निमित्त झाले नासक्या कोंबडीचे, असे सांगतात. डोरे मायदेशी परतल्या.

विटमर मात्र राहिले. 1951 मध्ये हॅरी समुद्रात बुडाला, 1963 मध्ये हाइन्झ गेले. तरीही मार्गरेटने बेट सोडले नाही. 2000 मध्ये, वयाच्या 95व्या वर्षी, तिने तेथेच देह ठेवला. समुद्रकाठचे तिचे छोटे अतिथिगृह पुढे तिच्या वंशजांनी चालविले.