समाधीची डागडुजी

सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघून बहुतेक माणसं परत फिरतात. गावातच त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधी आहे. तिकडे पावलं कमीच वळतात. १६२९ साली देवगिरीला निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव दग्याने मारले गेले. एकाच घराण्याच्या तीन पिढ्या, एकाच दिवशी!

२०२४ मध्ये समाधीच्या संवर्धनाचं काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. बातम्या मूर्तीच्या झाल्या. आम्हाला मात्र ती डागडुजीही तेवढीच मोलाची वाटते. जुन्या बांधकामावरचं पिंपळाचं रोप नुसतं वरून छाटून भागत नाही. मुळं सांध्यात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. सांधे भरायचे ते चुन्यानेच. सिमेंट आत ओल कोंडतं, मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

घराण्यांच्या कितीतरी छत्र्या, समाध्या, कबरी झाडोऱ्यात बुडाल्या आहेत, आणि काही तर श्रद्धेने ऑइलपेंट फासून बिघडवल्या आहेत. आपल्या पूर्वजांच्या समाध्या सावरायला निघालेल्या वाचकांना आमची कळकळीची विनंती : वर्गणी काढण्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.