व्याजाचा वाद आणि इस्लामचे विचारवंत

आधुनिक इस्लामी विचारांची दिशा बहुधा पडदा, तलाक किंवा खिलाफत यांच्या चर्चेतून अजमावली जाते. वस्तुतः त्या विचारातील मूळ पेच समजून घ्यावयाचा, तर व्याजाच्या वादाकडे वळले पाहिजे. कुराणाने ‘रिबा’ निषिद्ध ठरविला, हे सर्वांनाच मान्य आहे. मतभेद आहे तो रिबा म्हणजे नेमके काय, याविषयी.

इस्लामपूर्व अरबस्तानात मुदतीत कर्ज न फिटल्यास ऋणकोच्या माथी दुप्पट रक्कम बसे. कुराणाचा रोख या पिळवणुकीवर आहे, बँकेच्या प्रत्येक व्याजावर नव्हे, असे फजलुर रहमान यांचे प्रतिपादन होते. निषेधामागील नैतिक हेतू शोधावा आणि तो आजच्या परिस्थितीत साधावा, ही त्यांची पद्धत. याउलट, १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेले व १९४१ मध्ये जमाते इस्लामीची स्थापना करणारे मौलाना मौदुदी यांच्या मते मुद्दलावरील ठरीव वाढ म्हणजेच रिबा. मग कर्ज पोटासाठी काढलेले असो वा कारखान्यासाठी.

या वादाचा निकाल युक्तिवादाने लागला नाही. रहमान हे पाकिस्तानातील इस्लामी संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांच्या ‘इस्लाम’ या ग्रंथावरून काहूर उठले, १९६८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढे शिकागो विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

मौदुदींची व्याख्या मात्र राज्यकर्त्यांनी उचलली. झिया राजवटीत व्याजमुक्त बँकिंगचा गाजावाजा झाला. नफातोट्यातील भागीदारी हाच त्याचा पाया असावा, ठरीव नफ्याच्या विक्रीव्यवहारांचा अतिरेक होऊ नये, असा इशारा तेथील इस्लामी विचार परिषदेने १९८० मध्येच दिला होता. घडले नेमके उलटे. ‘मुराबहा’ व्यवहारात बँक एक लाखाचे यंत्र घेते आणि वर्षाच्या मुदतीने एक लाख बारा हजारांना विकते. व्याज हा शब्द गेला, बारा हजार राहिले! याचे कारण उघड आहे. भागीदारीत बँकेला व्यापाऱ्याच्या वह्यांवर विसंबावे लागते. ठेवीदाराला तर सुरक्षितता हवी असते.

ही विसंगती श्रद्धावानांच्याही नजरेतून सुटली नाही. अलिगढ व जेद्दा येथे अध्यापन केलेले नेजातुल्लाह सिद्दिकी हे इस्लामी अर्थशास्त्राचे एक प्रवर्तक. त्यांनीच उत्तरायुष्यात अशा कर्जवाढीच्या युक्त्यांवर टीका केली. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील ठरीव परतावा वैध ठरविला. पाकिस्तानात मात्र संघीय शरियत न्यायालयाने १९९१ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये व्याजाविरुद्ध निर्णय दिला आणि निर्मूलनासाठी २०२७ अखेरची मुदत घातली.

मुदत पाळलीही जाईल. पण प्रश्न मुदतीचा नाही. जो निषेध नाडलेल्या ऋणकोच्या कैवारासाठी आला, त्याचा लाभ त्या ऋणकोला मिळतो काय? अक्षराचे पालन न्यायालयाच्या आदेशाने करून घेता येते. हेतूचा शोध मात्र निर्भय चर्चेवाचून लागत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यालाच जेथे देश सोडावा लागतो, तेथे अखेरीस धर्माचेही हित साधत नाही आणि कर्जदाराचेही नाही.