आईचा रकाना कोरा

मैत्रिणींनो, परवा शाळेतून आले तो आमचे चिरंजीव (इयत्ता आठवी) वहीत मन लावून काहीतरी आखत बसलेले. मला वाटलं, भूगोल! पाहते तर वंशावळ. तीही आमची नव्हे, आफ्टन नावाच्या कुणा परक्या घराण्याची.

तर 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा स्कॉट कॉथन या अमेरिकन गृहस्थांनी २०१४ साली काढलेला भीतीचा व्हिडिओ गेम. पिझ्झाच्या हॉटेलात रात्रीचा पहारा करायचा आणि चालत्या यांत्रिक बाहुल्यांपासून जीव वाचवायचा. बाहुल्यांत अडकलेत खून झालेल्या मुलांचे आत्मे. खुनी विल्यम आफ्टन. गंमत म्हणजे ही गोष्ट तिथं कुणी सरळ सांगतच नाही. मध्येच एक जांभळा माणूस दिसतो, कुठे एखादं वाक्य कानी पडतं. तेवढ्यावर जगभरची पोरं तर्क लढवतात.

२०१५ च्या चौथ्या भागात थोरला भाऊ थट्टेपायी लहानग्याला वाढदिवशीच यांत्रिक अस्वलाच्या तोंडात देतो नि अनर्थ होतो. हे दोघे विल्यमचेच मुलगे, थोरला तो मायकेल, असा बहुतेकांचा तर्क. २०१६ च्या भागात मुलगी एलिझाबेथ बापाचं न ऐकता त्यानंच बनवलेल्या बाहुलीपाशी जाते आणि जिवाला मुकते.

"आणि रे, यांची आई?" मी विचारलं.

"तिचं नीट दाखवलेलंच नाही गं. नाचणारी बॅलोरा बाहुली म्हणजे ती, असं काहीजण म्हणतात."

घरात एवढं घडलं आणि आईचा रकाना कोरा! मी हसले, पण तिथंच टेकले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई, बाहुल्या मायकेलला त्याचे बाबाच समजतात. पण तो तर बाबांना शोधायला निघालेला असतो. बाप वाईट म्हणून मुलगाही वाईट असतो का?"

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांवर खटला चालू आहे. मधल्या सुट्टीत पोरं त्याला डबा खायला जवळ घेत नाहीत.

इतके दिवस मी नुसतं "ठेव तो मोबाइल" एवढंच म्हणत होते, बरं का!

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन पोळ्या नि भाजी जास्त घातली. डबा रिकामा परत आला. तुम्हीही एकदा पोरांच्या त्या भुताखेतांच्या गोष्टी जवळ बसून ऐका.