घंटा भिंतीवर, जाग कुठे?

१८२८ मध्ये शनिवारवाडा आणि १८७९ मध्ये बुधवारवाडा जळताना ज्या पुण्याने पाहिला, त्या शहराला आगीचे भय नवे नाही. आज येथील सार्वजनिक इमारतींत डोळसपणे पाहिल्यास आगसूचनेच्या दोन पिढ्या एकत्र नांदताना आढळतात. जिन्यापाशी असलेली, काच फोडून वाजवायची लाल पेटी ही जुनी. ती वाजण्यापूर्वी आग माणसाच्या नजरेस पडावी लागते. छतावरचा धूरशोधक धूर आपणहून ओळखतो. त्यातही जुन्या जोडणीत केवळ मजला वा विभाग कळतो. नव्या जोडणीत नेमकी जागा कळते.

हा भेद निव्वळ तांत्रिक नव्हे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील धूर प्रथम दिसला तो परिचारिकेला. १० नवजात अर्भके दगावली. अशा वेळी मिनिटांचे मोल प्राणांनी चुकवावे लागते.

तथापि नवे यंत्र बसविले की कर्तव्य संपले, असे मानणे ही आत्मवंचना होय. राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याने मालक वा भोगवटादार यांच्यावर यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत देण्याचे बंधन घातले. परंतु घंटा विनाकारण वाजते म्हणून ती बंद करून ठेवणाऱ्या हातापुढे प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. शाळा, ग्रंथालये व कचेऱ्या यांनी त्या प्रमाणपत्राची तारीख दर्शनी भागी लावावी आणि घंटा वाजवून इमारत रिकामी करण्याचा सराव सहा महिन्यांतून एकदा तरी करावा. तेथे रोज वावरणाऱ्यांचा तो हक्क आहे.