आधीं उडणारे, शेवटीं उतरणारे

आमच्या नगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यास समुद्र नाहीं. येथें लष्कर म्हटलें कीं रणगाडा डोळ्यांपुढें उभा राहतो. त्यामुळें १९७१ च्या युद्धांतील एका आरमारी हवाई पथकाची हकीकत सांगावयास आम्ही बसलों, ह्याचें वाचकांस नवल वाटेल.

४ डिसेंबर १९७१ रोजीं ‘विक्रांत’ ह्या विमानवाहू नौकेवरून सी हॉक विमानें उडालीं व त्यांनीं कॉक्स बझारवर मारा केला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु विमानें उडावयाचीं तेव्हां त्यांच्याही आधीं एक लहानसें हेलिकॉप्टर, ज्यास आपण ‘चेतक’ म्हणून ओळखतों, नौकेवरून उठे व बाजूला हवेंत तरंगत राही. तें ३२१ क्रमांकाच्या पथकाचें. मार्च १९६९ मध्यें स्थापन झालेल्या ह्या पथकास आरमारांत ‘एंजल्स’, म्हणजे देवदूत, म्हणतात. विमान समुद्रांत पडलें तर वैमानिकास वर काढणें, हें त्याचें काम.

नौकेची सारी लांबीच सुमारें ७०० फूट. विमान वाफेच्या यंत्रानें पुढें फेकावें लागे. नौका वाऱ्याच्या तोंडावर जितक्या वेगानें धांवेल तितकें उड्डाण सोपें. आणि नेमके त्याच वेळीं विक्रांतच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडे गेलेले! पुरता वेग घेणें अशक्य. अशा स्थितींत चूक झालीच, तर हातीं कांहीं क्षणच. तेवढ्यांत हेलिकॉप्टरनें डोक्यावर यावें, दोर सोडावा, गरज पडल्यास पाणबुड्यानें उडी घ्यावी. त्या हेलिकॉप्टरास स्वतःला इंजिन एकच, हेंही विसरूं नये. शेवटचें विमान सुखरूप टेकलें कीं मग त्यानें उतरावयाचें. घरांत सर्वांआधीं उठून सर्वांमागून पानावर बसणारें माणूस आमच्या वाचकांस ओळखीचें असेलच.

अशा पथकाचा इतिहास लिहिणें अवघड. जो दिवस सर्वांत यशस्वी, त्या दिवशीं लिहिण्याजोगें कांहींच घडत नाहीं. बाँब मोजले जातात. हवेंत ताटकळलेले तास कोणी मोजीत नाहीं.

विक्रांत १९९७ मध्यें निवृत्त झाली व २०१४ मध्यें मोडीत निघाली. पथक मुंबईस कुलाब्याच्या ‘शिक्रा’ तळावरून उडत राहिलें. मधल्या काळांत ती नौका मुंबई बंदरांत संग्रहालय म्हणून उभी असतांना आम्ही घरच्या मुलांना घेऊन ती पाहावयास गेलों होतों. ‘बाँब टाकणारें विमान कोणतें?’ हें सर्वांनीं विचारलें. पाण्यांत पडलेल्यास काढतें कोण, हें एकानेंही विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें, तरी त्या दिवशीं आम्हांला सांगतां आलें नसतें.