जुलूसापुरता मुरूम

दरवर्षी ईद-ए-मिलाद पंधरा दिवसांवर आली की आपल्या मोहल्ल्यातून एक शिष्टमंडळ निघतं. दोन ज्येष्ठ, एक निवेदन आणि फोटो काढायला एक पोरगा. मागणी ठरलेली: जुलूसच्या मार्गावरचे खड्डे बुजवा. साहेब चहा पाजतात, चार दिवसांत मुरूम पडतो, व्हॉट्सॲपवर आभार फिरतात. पुढच्या जोराच्या पावसात मुरूम गटारात आणि खड्डा जागेवर. ही निवेदनं बहुतेक मीच लिहून दिली आहेत, कारण ‘सरांचं मराठी चांगलं’. यंदा मी नाही म्हणालो. लोक नाराज झाले, म्हणून हे लिहितो आहे.

गणपती मंडळं काही वेगळं मागत नाहीत. 2023 ते 2025 अशी सलग तीन वर्षं अनंत चतुर्दशी आणि मिलाद जवळजवळ एकत्र आले, तेव्हा एकाच मुरमात दोघांचं भागत होतं. आता 2026ला मिलाद ऑगस्टच्या अखेरीस, गणपती सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे दोन शिष्टमंडळं, दोनदा मुरूम, दोन बिलं.

“आपल्या वस्तीकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात,” असं कुणीतरी म्हणतंच. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण नालासोपारा पूर्वेला संतोष भुवनकडे एकदा पावसात जाऊन या. तिथे सगळ्या जातीधर्माची माणसं एकाच डबक्यातून रिक्षा काढतात. आगाशी-निर्मळचा फुलवाला आणि वालीवच्या गाळ्यात कामाला जाणारा आपला पोरगा, दोघांचे मणके सारखेच खिळखिळे होतात.

खरा रोग हा की सरकारचा पैसा नव्या कामाला धावतो, जुनं टिकवायला नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024ला झालं. बंदर हवं की नको हा वेगळा वाद, आणि तिथल्या मच्छीमारांचा तो हक्काचा वाद आहे. पण मे महिन्यात गटार उपसण्याचं भूमिपूजन कुणी केलेलं पाहिलंय? डांबराचा वैरी पाणी. गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर साचतं, भेगेतून आत जातं, खालची खडी सुटते, आणि त्यावरून भरलेला टँकर गेला की खड्डा तयार. भेग असतानाच ती भरणं स्वस्त पडतं. कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पावसाआधी घर शाकारायचं, गळायला लागल्यावर बादल्या मांडायच्या नाहीत.

आणि हे सरकारला जमतच नाही असंही नाही. डिसेंबर 2000मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच पुढची 5 वर्षं देखभाल असते, करारातच. मग आपल्या गल्लीच्या रस्त्याला ही अट का नको? ठेकेदार कोण, त्याची जबाबदारी कुठल्या तारखेपर्यंत, देखभालीला यंदा किती रुपये ठेवले, हे नाक्यावर फलकावर लावा. निवेदनच द्यायचं तर हे द्या, आणि जुलूसच्या आधी नको, बजेटच्या आधी द्या. मंडळवाल्यांनाही बरोबर घ्या.

रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते फक्त जुलूसच्या मार्गापुरतं सांगितलेलं नाही.

दुसरं हत्यारही आता हातात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025मध्ये आदेश दिला: खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई. ती रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. किती जणांना हे ठाऊक आहे? मी वर्गात पालकांना विचारलं, एकही हात वर आला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली एक मुलगी हात प्लास्टरमध्ये घालून आली. वडिलांचीच रिक्षा, खड्ड्यात चाक गेलं आणि कलंडली. वडिलांना विचारलं, कुठे तक्रार नोंदवली? म्हणाले, “सर, अल्लाची मर्जी. आणि रिक्षा तर मीच चालवत होतो ना.” कागदावर खड्डा कुठेच नाही. मी त्यांना म्हटलं, भाईजान, मर्जी अल्लाची असेल, खड्डा त्याने खणलेला नाही. दवाखान्याचे कागद आणि त्या जागेचा फोटो घेऊन रविवारी या. तो अर्ज मी लिहून देतो.