शिरखुर्मा खाल्लात, आता खोली द्या

स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

काल 30 मार्चला सकाळी आपण गुढी उभारली आणि संध्याकाळी चंद्र दिसला, म्हणून आज ईद. दोन्ही सण चंद्राच्याच हिशोबाने येतात. आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना धरतो, ते धरत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. यंदा दोघांची गाठ पडली. सकाळपासून मोबाईलवर श्रीखंड आणि शिरखुर्म्याचे फोटो शेजारी शेजारी. "हीच आपली बारामती", "हेच आपलं इंदापूर".

मीही दुपारी इंदापूरला मित्राकडे जाऊन आलो. वीस वर्षं जातोय. खारीक भिजवून बारीक कापणार अम्मी, शेवया तुपात परतणार भाभी. पहिली वाटी संपली की अम्मी न विचारता दुसरी भरतात. "बेटा, इतनाच खाया?" नमाजाला निघायच्या आधीच फितरा देऊन झालेला असतो, कारण आजच्या दिवशी गरिबाच्या घरातही गोड झालं पाहिजे. त्यांच्या बाजूने यात काही नाटक नाही. नाटक आपल्या बाजूने आहे, आणि त्यात मी पण आहे.

वीस वर्षं मी ईदची एकच बातमी लिहितोय. "हिंदू-मुस्लिम ऐक्याचे दर्शन." फोटोत पुढारी, अधिकारी, सगळ्यांच्या हातात वाटी, सगळ्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे. मागच्या वर्षीचा फोटो छापला तरी कुणाला कळायचं नाही.

जी बातमी मी छापली नाही ती आज सांगतो.

गेल्या वर्षी याच मित्राच्या मुलाला बारामतीत डिप्लोमाला प्रवेश मिळाला. खोली पाहिजे होती. मी म्हटलं, तू कशाला फिरतोस, मी बघतो. पत्रकार माणूस, ओळखी भरपूर. पाच जणांना फोन केले. पाचही ठिकाणी खोली रिकामी होती, भाडं ठरलं, मग प्रश्न आला, "पोरगं कुणाचं म्हणालात?" नाव सांगितलं आणि खोली भरली. एकाचा पुतण्या येणार होता. एकाला रंग द्यायचा होता. एक म्हणाले, "आमचं काही नाही ओ साहेब, पण बिल्डिंगमधली लोकं ऐकत नाहीत. नॉनव्हेजचा प्रॉब्लेम होतो." हे गृहस्थ मला दर रविवारी मटणाच्या रांगेत भेटतात. आणि आज दुपारी याच मित्राच्या घरी, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, दुसरी वाटी घेत होते.

ते पोरगं वर्षभर एसटीने ये-जा करतंय. इंदापूर, निमगाव केतकी, भवानीनगर, बारामती. पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर घरी.

हा रस्ता ओळखीचा वाटतो ना? आपल्या तुकोबांच्या पालखीचा आहे. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर हे मुक्काम पोराबाळांना पाठ आहेत. पालखी आली की आपण अनोळखी माणसाला ओसरी देतो, न्हाणीघर देतो, अंथरूण देतो. कुणाचं आडनाव विचारत नाही. याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. देहूतून निघालेल्या याच पालखीची पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ज्यांची गढी इंदापुरात आहे त्या मालोजीराजांनी नगरच्या शहा शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. भाषण करायला आपल्याकडे दाखले एवढे आहेत की माईक पुरायचा नाही. फक्त त्या पोराला दहा बाय दहाची खोली पुरली नाही.

आता काही जण म्हणतील, "तुम्ही एकाच बाजूने लिहिता. त्यांच्या मोहल्ल्यात आपल्याला देतात का खोली?" कुणी नाव ऐकून नाकारली असेल तर मला सांगा, तेही लिहीन. पण बारामतीतल्या बहुतेक खोल्यांच्या किल्ल्या कुणाच्या खिशात आहेत, ते तुम्हाला माहिती आहे. आणि आडनावाची चौकशी फक्त मुसलमानाचीच होते असं समजू नका. दलित पोरांना विचारा, ते जास्त सांगतील.

दुसरे म्हणतील, "घर आमचं, कुणाला द्यायचं ते आम्ही ठरवू." ठरवा की. पण मग ईदच्या दिवशी वाटी हातात धरून फोटो टाकू नका. ज्याच्या घरचं खायला चालतं त्याचं पोरगं आपल्या माडीवर झोपलेलं चालत नाही, याला ऐक्य म्हणत नाहीत. फुकटचं जेवण म्हणतात.

आता माझं सांगतो, नाहीतर हे सगळं लिहायचा मला हक्क नाही.

आमच्या घराच्या वर एक खोली आहे. गेल्या वर्षी ती रिकामी होती. पाच घरमालकांना फोन करताना मी त्याच खोलीच्या खाली बसलो होतो. घरात विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, "पाहुणेरावळे येतात, राहू दे." घरच्यांनी अडवलं नव्हतं. मीच अडलो. म्हणजे बहाणा सांगणारे पाच नव्हते, सहा होते.

आज जाताना त्या खोलीची किल्ली खिशात घालून नेली होती. मित्राच्या हातात दिली आणि जे झालं ते त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला माहिती होतं रे तुझी खोली रिकामी आहे." पुढे काही बोलला नाही. अम्मींनी तेवढ्यात वाटी भरली.

परीक्षा तोंडावर आलीय, वर्ष तर गेलंच. पुढच्या वर्षी पोरगं येईल की नाही, ते त्याचं तो ठरवेल. त्याने नाही म्हटलं तरी मला राग धरता येणार नाही.

या पोस्टखाली "छान लिहिलंत सर" लिहू नका. जूनपासून पुन्हा प्रवेश सुरू होतील, इंदापूर, दौंड, फलटणकडची पोरं बारामतीत खोल्या शोधत फिरतील. ज्याच्याकडे खोली आहे आणि जो नाव ऐकून भाडं बदलणार नाही, त्याने तेवढं लिहा. यादी मी करतो. यंदा बातमी त्या यादीची छापीन.

ईद मुबारक. नववर्षाच्या शुभेच्छा.